पेरूचा पेरूशी काय संबंध?

पेरू हे फळ पेरू देशातून आले म्हणून त्याचे नाव पेरू, ही समजूत इतकी सोयीची आहे की ती खोडून काढायला जीव होत नाही. फळ अमेरिका खंडातले आहे, हे खरेच. पेरूच्या किनारपट्टीवरच्या उत्खननांत या फळाच्या हजारो वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत, हेही खरे. शिवाय दोन्ही नावे अक्षराला अक्षर जुळतात. पण व्युत्पत्तीच्या व्यवहारात सगळेच असे जुळून आले की जाणत्याने जरा सावध व्हावे. पत्रिका फारच जुळली की वधूपिता चौकशीला माणूस पाठवतो, तसा आपणही एक माणूस पाठवू.

माणूस पाठवायचा तर थेट पेरूतल्या कुझ्कोचाच पाठवावा. इंका राजघराण्यातली आई आणि स्पॅनिश बाप यांच्या पोटी जन्मलेला गार्सिलासो दे ला वेगा याने १६०९ साली इंकांच्या राज्याचा मोठा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात या फळाची नोंद आहे. स्पॅनिश लोक याला ‘ग्वायाबा’ म्हणतात आणि आमचे लोक ‘साविंतू’, असे तो सांगतो. म्हणजे खुद्द पेरू देशात पेरूला पेरू कोणी म्हणत नव्हते. तिथे त्याचे स्वतःचे क्वेचुआ नाव होते, आणि स्पॅनिश लोकांनी त्यावर कॅरिबियन बेटांवरून उचललेला शब्द आणून बसवला. ‘ग्वायाबा’ हा बेटांवरच्या आरावाक कुळातल्या भाषेतला शब्द दिसतो. पोर्तुगीजमध्ये त्याचा ‘गोयाबा’ झाला, इंग्रजीत ‘ग्वावा’. देशाच्या नावाची कथा आणखी निराळी. ‘पेरू’ हे पनामाच्या बाजूच्या ‘बिरू’ नावाच्या कोणा सरदाराच्या किंवा नदीच्या नावावरून पडले असावे, असे मानतात. त्यात फळाचा पुसटसाही संबंध नाही.

तरी देशाला अगदीच वाऱ्यावर सोडू नये. पोर्तुगीज भाषेत ‘पेरू’ हा शब्द आहे, आणि तो या देशावरूनच आला आहे. मात्र त्याचा अर्थ फळ नव्हे, टर्की नावाचा पक्षी. हा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. पण नव्या खंडातून आलेली वस्तू म्हणजे पेरूची, असा त्या काळचा ढोबळ हिशेब असावा. इंग्रजांनी त्याच पक्ष्याला तुर्कस्तानचा ठरवले आणि फ्रेंचांनी हिंदुस्थानचा, तेव्हा पोर्तुगीजांना एकट्यांना हसण्यात अर्थ नाही. हिंदीत टर्कीला ‘पीरू’ म्हणतात ते या पोर्तुगीज नावावरून. १६१२च्या सुमारास मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या नवलाच्या वस्तू नेल्या, त्यांत हा पक्षी होता. बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याचे तपशीलवार वर्णन केले, मन्सूरसारख्या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. पण याचे नाव कोणालाच ठाऊक नाही, असेही बादशहा लिहून गेला. गोव्यातल्या विक्रेत्याला एवढे विचारले असते तरी नाव कळले असते. ते ऐकून एखाद्या मराठी माणसाला मात्र नवल वाटले असते, की पिसे असलेला पेरू हा कुठला!

आता फळाकडे वळू. आपला पेरू पोर्तुगीजांकडूनच आला, पण त्यांच्या ‘पेरू’वरून नव्हे, ‘पेरा’वरून. ‘पेरा’ म्हणजे नासपती. लॅटिनमध्ये ‘पिरुम्’, अनेकवचनी ‘पिरा’. त्यापासून पोर्तुगीज-स्पॅनिश ‘पेरा’, फ्रेंच ‘प्वार’, इंग्रजी ‘पेअर’. नासपतीच्या झाडाला पोर्तुगीजमध्ये ‘पेरेइरा’ म्हणतात. वसईपासून गोव्यापर्यंतच्या परेरा मंडळींचे आडनाव हेच. हिंदुस्थानात स्थिरावलेल्या पोर्तुगीजांना इथे मायदेशची नासपती मिळेना. पण खाली फुगीर, देठाकडे निमुळते, पिकले की हिरवट-पिवळे असे हे फळ हाताशी होते. त्यांनी त्यालाच ‘पेरा’ म्हणायला सुरुवात केली असावी. गंमत अशी की ब्राझीलमधले त्यांचेच भाऊबंद त्याच काळात त्याच फळाला ‘गोयाबा’ म्हणत होते.

याला पुरावा काय? गोव्यात तो स्वयंपाकघरात सापडतो. पेरूचा गर साखरेबरोबर आटवून, थापून, वड्या पाडतात त्या पदार्थाला गोव्यात ‘पेराद’ म्हणतात. नाताळच्या ताटात तांबूस, चकचकीत चौकोन असतात तेच हे. पोर्तुगालमध्ये ‘मार्मेलो’ म्हणजे बिही या फळाच्या आटवलेल्या वड्यांना ‘मार्मेलादा’ म्हणतात (इंग्रजी मार्मालेड तिथलेच), नासपतीच्या वड्यांना ‘पेरादा’. ब्राझीलमध्ये पेरूच्या वड्या झाल्या ‘गोयाबादा’. गोव्यात पदार्थ गोयाबाचा आणि नाव पेरादाचे. याचा अर्थ गोव्याच्या पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हटले की पेरूच समजत होते. मूळच्या आसगावच्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली ग्रंथ लिहिला. पोर्तुगीजांकडून आलेल्या अशा शब्दांच्या वाटा शोधणाऱ्याला आजही आधी त्यांचेच दार ठोठावावे लागते.

कोकणीत या फळाला ‘पेर’ म्हणतात. ते सरळ आहे. अंत्य ‘आ’ झिजला एवढेच. मराठी ‘पेरू’तला ऊ कुठून आला, हे कोडे जास्त रंजक आहे. दोन वाटा दिसतात. एक म्हणजे सादृश्याची. काजू, लिंबू, जर्दाळू अशा ऊकारान्तांच्या रांगेत नवे फळ येऊन उभे राहिले आणि त्यांच्यासारखे बोलू लागले. काजू तर त्याच गलबतातून आलेला. ब्राझीलच्या तुपी भाषेतल्या ‘अकाजू’चा पोर्तुगीज ‘काजू’ झाला आणि तो आपण जसाच्या तसा घेतला. ‘एक पेरू, दहा पेरू’ हे ‘एक लाडू, दहा लाडू’सारखे बिनतक्रार चालते. ‘पेर’ म्हणावे तर उसाचे पेर आडवे येते, ‘पेरा’ म्हणावे तर शेतकरी तिफण शोधू लागतो. तसे ‘पेरू’ म्हटल्यावरही ‘पेरू या की’ असे म्हणता येतेच; पण भाषा एवढी थट्टा चालवून घेते.

दुसरी वाट मला अधिक मोह घालते. पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’बरोबर ‘पेरो’ असाही एक शब्द आहे. लांबटसर सफरचंदाच्या एका जातीला तो लावतात. आता पोर्तुगीजमधला अंत्य, आघात नसलेला ओ कानाला ऊ असाच ऐकू येतो. म्हणूनच त्यांच्या ‘ताबाको’चा आपल्याकडे ‘तंबाखू’ झाला. मग ‘पेरो’चा ‘पेरू’ व्हायला काय हरकत? हरकत इतकीच की बाकी सगळ्या भाषांचा कौल ‘पेरा’कडे पडतो. मल्याळममध्ये ‘पेरक्का’ म्हणजे पेर आणि काय, म्हणजे पेराचे फळ. कन्नडमध्ये ‘पेरल’, सिंहलीत ‘पेर’, बंगालीत ‘पेयारा’. समुद्र ओलांडून आफ्रिकेत जावे तर स्वाहिलीत फळ ‘पेरा’ आणि झाड ‘म्पेरा’. मालदीवच्या धिवेही भाषेत प चा फ होतो, म्हणून तिथे ‘फेरु’. अंती उकार असलेला आपला तेवढाच सोबती. या नावांवर बोट फिरवत गेले की पोर्तुगीजांच्या वखारींचा नकाशाच उमटतो: मोंबासा, गोवा, कोची, कोलंबो, हुगळी. सतराव्या शतकात कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक वान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ (१६७८ ते १६९३) काढला. त्यात पेरू ‘पेला’ आणि ‘मलक्का-पेला’ या नावांनी आला आहे. म्हणजे तोवर ‘पेरा’ मल्याळी तोंडात रुळून त्याचा र सुद्धा डळमळू लागला होता. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे, १५६३ साली, गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधी-वनस्पतींवरच्या संवादांत मात्र पेरूचा पत्ता नाही. ओर्ताच्या नजरेतून असे झाड सुटणे कठीण, म्हणून पेरूचे आगमन त्यानंतरचे असावे, असा तर्क करतात. तर्क बरा वाटतो.

समुद्रकाठाने ‘पेरा’ पसरत होता तेव्हा उत्तरेत काय चालले होते? तिथे या फळाला नाव मिळाले ‘अमरूद’. हा शुद्ध फारसी शब्द. पहलवीतही तो सापडतो. तुर्कीत वर्णांची अदलाबदल होऊन ‘आर्मुत’ झाला. आणि अर्थ? पुन्हा नासपतीच! फारसीच्या अंगणात वाढलेल्या लोकांनी आणि पोर्तुगालहून आलेल्या लोकांनी, एकमेकांना न विचारता, अनोळखी फळाला एकाच ओळखीच्या फळाचे नाव दिले. की विचारून? गोव्याच्या ‘पेरा’चे कोणा मुन्शीने फारसीत भाषांतर केले असण्याचाही संभव आहे, पण त्याची गरज भासू नये. उत्तरेत नासपतीला ‘नाशपाती’ हा दुसरा फारसी शब्द होताच. दोन शब्द आणि एक फळ अशी चैन भाषा फार दिवस करत नाही. मोकळा झालेला ‘अमरूद’ नव्या पाहुण्याला देऊन टाकला गेला. आज इराणात नासपतीला ‘गोलाबी’ म्हणतात, त्यामुळे अमरूदला मायदेशीही फारशी मागणी उरलेली नाही.

या अमरूदने एका भाषांतरकाराला चांगलेच फसवले. इलियट आणि डाउसन यांच्या हिंदुस्थानच्या इतिहास-साधनांच्या तिसऱ्या खंडात अमीर खुसरोच्या काव्याचा इंग्रजी सारांश आहे. ज्याने केळे कधी चाखले नाही आणि फक्त अमरूद व बिही खाल्ले, त्याला केळ्याची काय किंमत कळणार, अशा अर्थाचा काहीसा खोचक उद्गार त्यात येतो. भाषांतरकाराने ‘अमरूद’ला पेरू केले. खुसरोचा मृत्यू १३२५चा; कोलंबसाचे जहाज निघायला अजून दीडशेहून अधिक वर्षे अवकाश. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात यूलने हा घोटाळा नेमका पकडला आहे. खुसरो अर्थातच खुरासानच्या नासपतीबद्दल बोलत होता. पण नियतीचा विनोद पुढे आहे. त्याने ज्या दोन परदेशी फळांना नाक मुरडले, त्या दोन्हींची नावे पुढे हिंदुस्थानात पेरूलाच चिकटली. अमरूद तर उत्तरेत सर्वत्र. आणि छत्तीसगडात व त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशच्या भागात पेरूला आजही ‘बिही’ म्हणतात! फारसी ‘बिह्’ म्हणजे तेच ते मार्मेलादाचे आंबट-तुरट फळ, इंग्रजीत क्विन्स. रायपूरच्या बाजारात बिही मागितली तर पेरू मिळेल. खरी बिही पाहिलेला माणूस मात्र तिथे शोधावा लागेल.

बिहीचा विषय निघालाच आहे तर आपल्या अंगणातही डोकावून घ्यावे, कारण हसण्याची पाळी आपल्यावरही आहे. बिहीला अरबीत ‘सफर्जल’ म्हणतात. हा सफर्जल मराठीत येऊन ‘सफरजंद’ झाला, मग ‘सफरचंद’, आणि चिकटला कोणाला? अ‍ॅपलला! त्यात सफर नाही आणि चंदही नाही. हिंदीने सरळ ‘सेब’ घेतला. आपण बिहीला सफरचंद केले, छत्तीसगडने पेरू केले. बिहीसारखे मुळात कच्चे न खाण्याजोगे फळ, पण त्याच्या नावावर भलत्यांनीच पोट भरले. 

संस्कृत पंडितही मागे राहिले नाहीत. नासपतीसाठी ‘अमृतफल’ हे नाव भावप्रकाशात येते, आणि ते मुद्गलांच्या म्हणजे मोगलांच्या देशात मिळते असेही तिथे म्हटले आहे. हे ‘अमृतफल’ म्हणजे ‘अमरूद’लाच नेसवलेले संस्कृत सोवळे असावे, अशी मला दाट शंका आहे. पुढे अमरूद नासपतीकडून पेरूकडे गेला तसा अमृतफलही मागोमाग गेला. ‘अमृत’वरून ‘अमरूद’ झाला असे सांगणारे आज भेटतात, त्यांनी गाडी बैलाच्या पुढे जोडली आहे. पेरूला ‘पेरुक’ असेही एक संस्कृत रूप दिले गेले. क लावला की संस्कृत होते, हा जुना सिद्धान्त.

ओळखीच्या फळाचे नाव द्यायचे नसेल तर परकेपणाचे द्यावे, हा दुसरा मार्ग. उत्तरेत आणि बंगालकडे पेरूला ‘सफरी आम’ म्हणत. म्हणजे प्रवासी आंबा. यावर अबुल फजलचे स्मरण होते. अननसाला ‘कटहल-ए-सफरी’, प्रवासी फणस, का म्हणतात याचे कारण ‘आईन-ए-अकबरी’त दिले आहे: त्याची रोपे कुंडीत लावून प्रवासात बरोबर नेता येतात आणि फळ देतात. स्पष्टीकरण डौलदार आहे, पण ‘सफरी’ म्हणजे नुसते ‘बाहेरून आलेला’ एवढाच अर्थ असावा. कारण पेरूचे झाड कुंडीत घालून कोणी मोहिमेवर निघाल्याचे ऐकिवात नाही. सिलहटच्या बोलीत स चा ह होतो, म्हणून तिथे हा सफरी ‘हॉफरी’ झाला आहे. उलट काही ठिकाणी सफरीची ‘सुपारी’ होऊन पेरू ‘सुपारी आम’ बनल्याची नोंद यूलने केली आहे. असे शब्द भेटले की वाटते, व्युत्पत्ती हा गंभीर माणसांचा विषय नव्हेच.

ब्रह्मदेशात पेरूला ‘मलका’ म्हणतात, मलाक्का बंदरावरून. वान रीडचा ‘मलक्का-पेला’ याच वळणाचा. सयाम, म्हणजे थायलंड, याने तर कमाल केली. तिथे पेरूचे नाव ‘फरंग’. हा आपल्या फिरंग्याचाच सख्खा भाऊ: फ्रँक, अरबी ‘इफरंज’, फारसी ‘फरंग’, मराठी ‘फिरंगी’. शिवाजी महाराजांच्या काळात फिरंग म्हणजे युरोपी पात्याची तलवारसुद्धा होती. थाई भाषेत गोरा माणूस फरंग आणि पेरूही फरंग. गोरा पाहुणा फळांच्या गाडीवर उभा राहून पेरू खाऊ लागला की बँकॉकमध्ये शाब्दिक कोटीला ऊत येतो. यात वनस्पतीचे वर्णन काहीच नाही. कोणी आणले एवढीच पावती आहे.

मग त्या बिचाऱ्या मूळ ‘ग्वायाबा’चे काय झाले? आशियात त्याचे वंशज थोडे. फिलिपिन्समधला ‘बायाबास’ त्यातला. तो स्पॅनिश गलबतांतून पॅसिफिक ओलांडून गेला. तमिळमधला ‘कोय्या’ हा ‘गोयाबा’पासून आला असावा, तमिळ लिपीत ग आणि क यांना एकच अक्षर, त्यामुळे गो चा को व्हायला अडचण नाही. तमिळमध्ये ‘कोय्’ म्हणजे खुडणे, तोडणे. त्यामुळे शब्द घरचाच वाटू लागला असेल. पूर्व बंगालात, जिथे चितगावच्या आसपास पोर्तुगीजांचा राबता होता, पेरूला ‘गयाम’, ‘गैया’ म्हणतात. तेही याच घराण्यातले दिसतात. अननस, पपई, काजू यांनी आपापली अमेरिकी नावे हिंदुस्थानात बऱ्याच ठिकाणी टिकवली आणि पेरूने मात्र आपले नाव बहुतेक ठिकाणी गमावले. पपईसारखे दुसरे काही आपल्याकडे नव्हते, अननसासारखे तर जगातच नव्हते. पेरू मात्र जिथे जाई तिथे कोणासारखा तरी दिसे. चेहरा ओळखीचा असला की नाव विचारायचे राहून जाते.

आता नावांच्या तिसऱ्या गटाकडे येतो. माझे मत त्याच्याच बाजूला झुकते. विदर्भात आणि मराठवाड्याच्या बऱ्याच भागात पेरूला पेरू म्हणत नाहीत, ‘जांब’ म्हणतात. नागपूर-माळव्याकडे ‘जाम’. गुजरातीत ‘जामफळ’, तेलुगूत ‘जाम’, मलायात ‘जांबू बातू’ म्हणजे दगडी जांबू, किंवा ‘जांबू बिजी’ म्हणजे बियांचा जांबू. यातला बिजी आपल्या बीजाचाच, हे सांगायला नको. या सगळ्यांच्या मुळाशी संस्कृत ‘जम्बू’, म्हणजे जांभूळ आणि त्याची भावंडे. ज्या वृक्षावरून आख्ख्या द्वीपाला जम्बुद्वीप म्हटले, त्याचे नाव कालच्या पाहुण्याला द्यायचे हे औदार्य म्हणावे की बेफिकिरी? कोकणात ‘जाम’ म्हणजे पांढरे-गुलाबी, घंटेच्या आकाराचे, पाणचट गोड फळ. त्यामुळे कोकणातला माणूस अकोल्यात जाम मागेल तर हातात पेरू पडेल आणि अकोल्याचा माणूस रत्नागिरीत फसेल. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब. समर्थांचा जन्म १६०८चा आणि गावाचे नाव त्याहून जुने. पेरू तेव्हा या देशात जेमतेम पाय टेकत होता, तेव्हा त्या गावाचा संबंध जांभळाशी किंवा जांबा नावाच्या रानवृक्षाशी असेल, पेरूशी नसावा.

नासपतीवाले बरोबर की जांबवाले? एक पेरू चिरून पाहिला तर निकाल देता येतो. दाताखाली कचकच लागते ती फक्त बियांची नसते. बियांचा गाभा काढून टाकून नुसती कडेची फोड खाल्ली तरी जिभेला बारीक रवा लागतो. गरात कठीण भिंतीच्या अश्मपेशींचे पुंजके असतात, त्यांचा हा रवा. नेमका तसाच रवा नासपतीत असतो आणि बिहीतही. म्हणजे पेरा, अमरूद आणि बिही म्हणणाऱ्यांनी नाव दिले ते आकारासाठी असेल, पण जिभेचाही कौल त्यांच्या बाजूने होता. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत पेरूचे नाव ‘शालशोकोत्ल’. ‘शाल्ली’ म्हणजे वाळू आणि ‘शोकोत्ल’ म्हणजे आंबट फळ. वाळूफळ! ज्यांनी ते शतकानुशतके खाल्ले त्यांनीही रव्यावरच बोट ठेवले होते.

पण त्याच पेरूच्या देठाविरुद्धच्या टोकाकडे पाहावे. वाळून गेलेल्या निदलांचा चार-पाच दातांचा छोटा मुकुट तिथे शाबूत असतो. कोकणातल्या जामच्या बुडाशीही तसाच, जरा मांसल. पेरूचे फूल पाहावे: चार-पाच पांढऱ्या पाकळ्या गळाल्या तरी मधे पुंकेसरांचा भरघोस झुबका, जांभळाच्या फुलातही झुबकाच. पान चुरगळून हुंगावे, जांभळाच्या पानासारखाच तेलकट, औषधी दरवळ येतो. वनस्पतिशास्त्राने या साऱ्यांना एकाच मिर्टेसी कुळात घातले आहे. लवंग आणि निलगिरीही त्याच भावकीत. नासपती आणि बिही मात्र गुलाबाच्या कुळातल्या. त्यांचा पेरूशी रक्ताचा संबंध नाही. वऱ्हाडातल्या ज्या कोणा शेतकऱ्याने हे झाड प्रथम पाहून ‘हा तर जांबच’ म्हटले, त्याने नुसत्या डोळ्यांनी आणि नाकाने जे ओळखले, ते समुद्रावरून आलेल्यांना आणि दरबारी फारसी बोलणाऱ्यांना जमले नाही.

शास्त्रज्ञांनीही घोळ घातलाच. लिनियसने १७५३ साली पेरूला ‘सायडियम ग्वाजावा’ म्हटले. यातले ‘सायडियम’ ग्रीक भाषेतल्या डाळिंबाच्या शब्दावरून घेतलेले दिसते; बियांमुळे असेल, मुकुटामुळे असेल. पुढे १७६२मध्ये त्याने आणखी दोन जाती मानल्या: ‘पायरिफेरम’ म्हणजे नासपतीच्या आकाराची आणि ‘पोमिफेरम’ म्हणजे सफरचंदाच्या आकाराची. नंतर कळले की लांबट आणि गोल हे एकाच जातीचे प्रकार. तोवर एका फळाच्या नावावर डाळिंब, नासपती आणि सफरचंद अशी तीन फळे जमा झाली होती, आणि शेवटी उरलेल्या नावात कॅरिबियन बेटांवरचा ‘ग्वायाबा’ तेवढा आपल्या जागी राहिला.

ही परंपरा विसाव्या शतकातही खंडली नाही. महाराष्ट्रातले बागायतदार ज्याला ‘एल-४९’ म्हणून ओळखतात, तो ‘सरदार’ पेरू म्हणजे ‘लखनौ-४९’. नाव लखनौचे, पण त्याची निवड १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रावर डॉ. चीमा यांनी केली. पुण्यात निवडलेल्या पेरूला लखनौचे नाव मिळावे, हे पेरूच्या रीतीला धरूनच झाले.

एक काम वाचकांनी करण्यासारखे आहे. ‘पेरू’ आणि ‘जांब’ यांच्यातली सीमा महाराष्ट्रातून कुठून तरी जाते. ती जिल्ह्यांच्या रेषांना धरून जात नसणार, बाजारांना आणि सोयरिकींना धरून जात असणार. आता शाळेची पुस्तके आणि फळांच्या पेट्यांवरची लेबले सगळीकडे ‘पेरू’च लिहितात, त्यामुळे ती सीमा दरवर्षी पूर्वेकडे सरकत असावी. तुमच्या घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती या फळाला काय म्हणते, आणि ती कोणत्या गावची, एवढे विचारून लिहून ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकांनी तर अवश्य. पेरूची झाडे आणखी शंभर वर्षेही असतील. जांब म्हणणारी माणसे तेवढी थांबणार नाहीत.